मूळ कागद

फॅक्सच्या यंत्रातून कागद निम्मा बाहेर आला आणि तिथेच अडकून बसला. हे त्या यंत्राचं नेहमीचंच होतं; दुकानात सगळ्यांत जास्त नखरे कुणाचे असतील तर त्याचे. एरवी ती त्याच्या पाठीवर एक चापट मारायची आणि कागद निमूट बाहेर यायचा. आज तिने हात उचलला आणि तो तसाच वर राहिला, कारण बाहेर आलेल्या निम्म्या कागदावर, डॉक्टरांच्या नावाखाली, तारखेखाली, रुग्णाच्या रकान्यात सरांचं नाव होतं. नाव, आडनाव, वय शहात्तर, आणि पत्ता पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीतला, दुसरा मजला. एका नावाची दोन माणसं असतात, तिने स्वतःला बजावलं. पण एका नावाची, एका वयाची आणि एकाच जिन्याची दोन माणसं नसतात. मग तिने चापट मारली. उरलेला कागद बाहेर आला. मॉर्फिनचं द्रावण, साठ मिलिग्रॅम, दर चार तासांनी.

औषधांच्या दुकानात इतकी वर्षं उभं राहिलेल्या माणसाला आकडा पुरतो. पाचापासून, दहापासून सुरुवात होते. साठपर्यंत कुणी आठ दिवसांत पोचत नाही. म्हणजे महिने गेले असणार, आणि तिला पत्ता नव्हता. खाली बद्धकोष्ठाचं औषध होतं, त्याखाली उलटीची गोळी होती. पण रक्तदाबाची ती छोटी पांढरी गोळी, जी सर रोज सकाळी दुकानाचं कुलूप उघडल्यावर पाण्याच्या एकाच घोटाबरोबर घ्यायचे, ती या कागदावर कुठेच नव्हती. तिने वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं. तिला खरं कळलं ते या न लिहिलेल्या गोळीमुळे. वीस वर्षांची रक्तदाबाची गोळी डॉक्टर कधी बंद करतात, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. आता जपण्यासारखं काही उरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. आणि हे तिला शिकवलं कुणी, तर सरांनीच. रिकाम्या दुपारी जुन्या चिठ्ठ्या समोर टाकून ते विचारायचे, यात काय लिहिलंय ते सगळेच वाचतात. काय लिहिलेलं नाही, ते सांग.

सरांना सगळा बाजार पट्टीसर म्हणायचा. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात पोलादी पट्टी असे. कुलपातल्या औषधांचा फॅक्स आला, की मूळ कागद हातात पडेपर्यंत ते बाटली भरून, लेबल लावून कपाटात ठेवत. कागद आला की फॅक्स आणि कागद शेजारी शेजारी मांडून, ओळीखाली पट्टी सरकवत, एकेक अक्षर ताडून पाहत. घाईतली गिऱ्हाइकं दात-ओठ खायची, काही तोंडावर बोलायची, पण सरांच्या अंगाला भोकं पडत नसत. नियम साधा आहे, ते म्हणायचे. फॅक्स आला तर औषध तयार ठेवायचं. द्यायचं मात्र शाईच्या सहीचा कागद आल्यावरच. फॅक्स सहा दुकानांत जातो, कागद एकाच ठिकाणी असतो. एक पळवाटही होती, सरळ आणि कायदेशीर: घरी शेवटच्या आजारात पडलेल्या माणसाचं नाव घरपोच शुश्रूषेच्या यादीत असेल आणि डॉक्टरांनी तसं चिठ्ठीवर लिहिलं असेल, तर फॅक्स हाच मूळ कागद मानायचा. तिने आताच्या कागदावर ती ओळ शोधली. ओळ नव्हती. सरांनी नाव घालू दिलं नसणार. दुसऱ्याने आपली सेवा करावी, हे त्या माणसाला जन्मात जमलं नव्हतं. ग्लास सुद्धा स्वतः विसळायचे.

आणि नियम तिला पटलेला होता, हे पहिल्यांदा सांगायला हवं. पोटासाठी नव्हे, अगदी मनापासून. या दुकानातल्या चौथ्या वर्षी एक फॅक्स आला होता, त्यावरची सही मागच्या महिन्याच्या सहीशी केसाइतकीही वेगळी नव्हती. जिवंत माणूस दोनदा तशीच सही करत नाही. तिने मूळ कागद मागितला, समोरचा गोड हसला, आणतो म्हणाला आणि परत आला नाही. आठ दिवसांनी कळलं की तोच फॅक्स तीन दुकानांनी चालवून घेतला होता, आणि एका बाईचा तिशीतला भाऊ स्वतःच्या स्वयंपाकघरात बसल्या जागी मेला होता. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. कुणी रडो, कुणी शिव्या देवो, कुणी ओळख सांगो, कागद आल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. लोक तिच्याबद्दल काय बोलतात, ते तिला ठाऊक होतं. बाई चांगल्या आहेत, पण नियमावर बोट ठेवतात. बोट कुठून आलं, ते लोकांना ठाऊक नव्हतं.

तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती आता यंत्रासमोर उभी होती आणि मागे गिऱ्हाईक खाकरत होतं तरी तिला हलता येत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी, सरांच्या दुकानात, बाबांच्या नावाचा फॅक्स आला होता. परीक्षा झाली होती, नोंदणी यायची होती, ती सरांच्या हाताखाली होती. सकाळी दादाच्या हातून बाबांची बाटली फरशीवर पडून फुटली. डॉक्टरांनी लगेच नवी चिठ्ठी लिहिली आणि फॅक्स केली. मूळ कागद त्यांच्या दवाखान्यात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. फोनवर दादाच्या मागून आवाज येत होता आणि तो बाबांचा आहे हे तिला काही क्षण ओळखताच आलं नाही, कारण बाबांनी आयुष्यात कधी आवाज चढवलेला तिने ऐकला नव्हता. ती सरांसमोर उभी राहिली. सर, बाबा, एवढंच म्हणाली. त्यांनी फॅक्स वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, कागद घेऊन ये, मी बाटली भरून ठेवतो. दाराशी त्यांची गाडी उभी होती, सकाळीच धुतलेली. गाडीने वीस मिनिटं जायला, वीस यायला. तिला गाडी चालवता येत नव्हती. ती दोन बस बदलून गेली, येताना रस्ता खणलेला होता, तिसरी बस लागली. परत आली तेव्हा चार वाजून गेले होते. बाटली तयार होती, लेबल एका रेषेत चिकटवलेलं, आणि सरांनी तिच्या हातातून कागद घेऊन फॅक्सशेजारी ठेवला आणि खिशातून पट्टी काढली. नऊ ओळी होत्या. तिने मोजल्या. तिसऱ्या ओळीला तिला वाटलं, हा माणूस आता तरी पट्टी खाली ठेवेल. नवव्या ओळीपर्यंत त्याने ठेवली नाही. घरी दादा म्हणाला, आधी बाबा दर पाच मिनिटांनी किती वाजले विचारत होते, तीननंतर विचारायचे थांबले. आठ दिवसांनी ते गेले. सर आले होते. सगळ्यांच्या मागे हात बांधून उभे राहिले, मिठाची गुळणी धरल्यासारखे, आणि न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी ते कामावर होते. तीही होती. नोंदणी येईपर्यंत दीड वर्ष तिने त्यांच्या शेजारी उभं राहून काम केलं आणि मग दोन ओळींचा राजीनामा लिहून निघून आली. त्यानंतर सरांच्या दुकानाची पायरी तिने चढली नव्हती. शिळ्या कढीला ऊत नको, असं ती स्वतःला सांगायची. पण कढी कधी शिळी झालीच नव्हती, ती आतल्या आत मंद आचेवर उकळतच होती.

पावणेबाराला सरांची सून आली. तिने हिला कधी पाहिलेलं नव्हतं, सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. हिने तिला ओळखलं ते तिच्या हातातल्या जुन्या चिठ्ठीवरच्या नावावरून. पायांत वेगवेगळ्या जोडांच्या चपला होत्या आणि ते तिच्या लक्षात आलेलं नव्हतं. नवरा जहाजावर, अजून तीन आठवडे यायचा नाही, ती न विचारता सांगत सुटली. काल डॉक्टरांनी फोनवर डोस वाढवायला सांगितला, म्हणून बाटली दोन दिवस आधीच संपली. नेहमीच्या दुकानात माल नाही, त्यांनी या दुकानाचं नाव सांगितलं. सकाळी आठचा डोस शेवटचा, आता बाराचा द्यायचाय. शेजारच्या आजींना बसवून आलेय, त्या साडेबारापर्यंतच थांबतील. हिने मूळ कागदाचं विचारलं. तो दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर सही होऊन पडलेला होता आणि संध्याकाळच्या टपालाबरोबर येणार होता. डॉक्टर स्वतः शस्त्रक्रियेत होते, चारशिवाय बाहेर येणार नव्हते. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"मूळ कागदाशिवाय देता येणार नाही," ती म्हणाली.

आणि हे वाक्य बोलताना तिला बरं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही. हे वाक्य तिने वर्षानुवर्षं शेकडो वेळा म्हटलं होतं, कधी दमून, कधी चिडून, कधी आतून तुटत. पण असं जिभेवर खडीसाखर विरघळावी तसं ते कधीच लागलं नव्हतं. तिला स्वतःची भीती वाटली. तिने काउंटरची कड धरली. समोरची बाई रडत नव्हती. तिला जणू हेच उत्तर अपेक्षित होतं.

"मला माहीत होतं," सून म्हणाली. "सासरे स्वतः याच धंद्यात होते. मी निघताना त्यांनी बजावलं, फॅक्सवर मागू नकोस, त्या बाईंना संकटात घालू नकोस. तरी मी मागितलं. त्यांना सांगू नका हं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. तिथे तो माणूस गादीवर तळमळत होता आणि तिकडूनही नियमावर बोट ठेवून होता. तिला राग आला, इतका की डोळ्यांपुढे अंधारी आली. निदान त्याने मागायला तरी लावायचं होतं. हात जोडून मागितलं असतं, तर नाही म्हणण्यात काही गंमत होती. आणि या विचारासरशी तिला कळलं की आपण अकरा वर्षं नेमकी कशाची वाट पाहत होतो. आपल्या हातात काय आहे, ते तिने तपासून पाहिलं. औषध फॅक्सवर देऊन टाकावं. कुणाला कळणार आहे, संध्याकाळी कागद येईलच. पण तसं केलं असतं, तर त्या तीन दुकानांत आणि आपल्यात काय फरक उरला? आणि देऊ नये, संध्याकाळपर्यंत थांबवावं. कायदा आपल्या बाजूने, बोट दाखवायला कुणाला जागा नाही. तेच सरांनी केलं होतं. दोन्ही वाटा तिला आपापल्या परीने सोप्या दिसल्या आणि दोन्हींची शिसारी आली. ती कोटाची बटणं काढायला लागली.

"तुम्ही घरी जा," ती सुनेला म्हणाली. "आजींना जाऊ द्या. कागद मी आणते, औषधही मीच घेऊन येते. दीडपर्यंत. त्यांना सांगा दीड. वेळ ठाऊक असली की माणसाला धरून राहता येतं."

 सुनेने मान हलवली आणि ती धावत गेली. फार्मासिस्ट जागेवर नसेल तर दुकानातून एक गोळीही विकता येत नाही, हा दुसरा नियम. तेव्हा तिने मालकांना फोन लावला. विचारायला नव्हे, सांगायला. मालक म्हणाले, अहो, भर दुपारी, गर्दीच्या वेळी, रोज येणारी माणसं काय म्हणतील, संध्याकाळी कागद येतोय ना, मग तुम्हाला काय पडलंय? ती म्हणाली, दोन तास बंद राहील, फार तर अडीच. मालक म्हणाले, याचा जाब द्यावा लागेल हं बाई. देईन म्हणाली आणि फोन ठेवला. गल्ल्यावरचे काका हे सगळं कान देऊन ऐकत होते. त्यांनी पाटी शोधली, धूळ झटकली आणि म्हणाले, दहा वर्षांत तुम्ही चहालाही बाहेर पडला नाहीत, आज एकदम मोहिमेवर? डोळ्यांत घालायचे थेंब न्यायला आलेले एक आजोबा कुरकुरत पायरी उतरले. दार आतून लावताना काका म्हणाले, जा निर्धास्त, माशी आत येऊ देत नाही.

टॅक्सीत बसल्यावर मनाने तोंड उघडलं. हात आणि पाय चालू असले की ते गप्प असतं. बसलं की बोलायला लागतं. कुठे निघालीस, मन म्हणालं, मोठेपणा मिरवायला? म्हाताऱ्याला दाखवून द्यायचंय ना, की हे असं करता येत होतं म्हणून? तिने खिडकीबाहेर पाहिलं. काचेची दुकानं गेली, बांधकामावरची एक उंच क्रेन गेली, शाळेच्या कुंपणाला लटकलेलं कुणाचं तरी निळं दप्तर गेलं. हो, ती मनाला म्हणाली, दाखवून द्यायचंय. मग? आणखी काय? आणखी हेही आहे की बाबांपर्यंत मी वेळेत पोचू शकले नाही आणि या माणसापर्यंत पोचणार आहे, आणि हे उलट व्हायला हवं होतं. हो, तेही आहे. असू दे. मन धुऊन-पुसून स्वच्छ होईपर्यंत थांबलं, तर तिकडे तो माणूस तळमळून जाईल. वाईट मनाच्या माणसाला घेऊनही टॅक्सी तेवढ्याच वेगाने धावते. तिने चालकाला, जमलं तर जरा लवकर, असं सांगितलं. तो म्हणाला, बाई, सिग्नल काही माझ्या घरचा नाही. हे खरंच होतं. ती मागे टेकली आणि तिने डोळे मिटले, तर डोळ्यांपुढे बाबांचा पलंग आला. त्याच्या लोखंडी दांड्याला बाबांच्या मुठी. त्या अवस्थेत तिने बाबांना पाहिलंच नव्हतं, दादाने सांगितलेलं होतं. न पाहिलेलं जास्त स्वच्छ दिसतं. तिने डोळे उघडून सिग्नलचे आकडे मोजले.

दवाखान्यात कागद होता, पण कागदासमोर एक बाई होती. चष्मा साखळीने गळ्यात, समोर वही. त्यांनी हिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मूळ चिठ्ठी फक्त रुग्णाच्या माणसाला किंवा टपालवाल्याला देते. तुम्ही कोण, मला काय ठाऊक? आली का पंचाईत! वाटेत नियमच आडवा आला होता, आणि तोही शंभर टक्के बरोबर. तिने नोंदणीचं ओळखपत्र दाखवलं. बाईंनी ते उजेडात धरलं, फोटोकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने पाहिलं, मग म्हणाल्या, ओळखपत्रावरून तुम्ही फार्मासिस्ट आहात हे कळतं, त्याच दुकानातल्या आहात हे कळत नाही. त्यांनी फोनच्या वहीतून दुकानाचा नंबर काढून स्वतः फिरवला. पलीकडून काकांनी तिच्या वर्णनात काय काय सांगितलं कोण जाणे, पण बाई पहिल्यांदा हसल्या. मग वहीत नाव, वेळ, सही. सगळं मिळून बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांत ती तीनदा ओरडायच्या बेतात आली आणि तीनदा गिळून गप्प बसली. काउंटरच्या या बाजूला उभं राहिलं की एक मिनिट केवढं असतं, ते तिला ठाऊक होतं. फक्त मधल्या काळात ती विसरली होती. कागद हातात आला. शाईची सही, शेवटच्या अक्षराखाली निब जोरात दाबल्याने कागदाला मागून उठाव आलेला. तिने बोट फिरवून तो उठाव पाहिला.

एक वाजायला पाच मिनिटं असताना ती दुकानात परतली. काकांनी दार उघडलं आणि परत लावलं. तिने कपाट उघडलं, बाटली भरली, लेबल लावलं. फॅक्स डावीकडे, कागद उजवीकडे. खणात तिचीही एक पट्टी होती, साधी प्लास्टिकची. तिने ती कधी कुणाला दिसू दिली नव्हती. हात पट्टीपाशी गेला आणि थांबला. या घटकेला कागद नुसता नजरेने पाहिला असता तरी चाललं असतं. तिकडे एक माणूस दीडवर डोळे लावून होता आणि इथे ही ओळी मोजत बसणार होती. तिने पट्टी उचलली. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी. तिसऱ्या ओळीवर तिला आपण त्या दुपारी सरांसमोर उभ्या असलेल्या मुलीकडे या बाजूने पाहतोय असं वाटलं. केस घामाने चिकटलेले, खांद्यावर पर्स, आणि डोळ्यांत असं काही, की ज्याच्याकडे पाहिलं तर पट्टी हातातून पडेल. सरांनी त्या दिवशी मान वर केली नव्हती. तिने ते काळजाचं दगडपण मानलं होतं. आता तिला वाटलं, पाहिलं असतं तर ओळ चुकली असती, एवढंच ते असेल. असेल किंवा नसेल. अकरा ओळी होत्या. सगळ्या जुळल्या, एका बिंदूचाही फरक नव्हता. म्हणजे बारा वाजता फॅक्सवर देऊन टाकलं असतं, तरी काहीही बिघडलं नसतं. बाबांच्या नऊ ओळीही अशाच जुळल्या होत्या. ज्या दिवशी काही बिघडायचं असतं, तो दिवस कपाळावर लिहून येत नाही, म्हणून रोज थांबायचं. आणि त्या थांबण्याचं दुखणं कुणीतरी अंगावर काढायचं.  तिने नोंदवहीत नोंद केली, सही केली, कपाटाला कुलूप घातलं आणि काकांना म्हणाली, पुन्हा जाते. काकांनी दार उघडून धरलं.

पाण्याच्या टाकीमागची गल्ली अरुंद होती, टॅक्सी आत जात नव्हती. जिना चढताना तिने ठरवलं की डोस पोटात जाईपर्यंत जुनं अक्षरही काढायचं नाही. औषध हातात धरून जाब विचारला, तर ती किंमत वसूल करणं झालं. आणि नंतर? नंतरचं नंतर. सुनेने दार उघडं ठेवलं होतं. आतल्या खोलीत सर कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. केवढेसे झाले होते. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, एका हाताची मूठ चादरीच्या कडेत गुंतलेली. तोंडातून आवाज नव्हता. आवाज न येऊ देण्यातच सगळं बळ चाललं होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांची नजर होती. एक वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. तिने बिनसुईच्या सिरिंजमध्ये तीन मिली ओढलं, उजेडात धरून पाहिलं, आणि गालाच्या आत थोडं थोडं सोडलं. त्यांनी गिळलं. तिच्याकडे पाहिलंच नाही. सुनेने खुर्ची दिली. ती बसली.

औषध लागू पडायला अर्धा तास लागला. आधी कपाळ सैल झालं, मग खांदे. मग चादरीच्या कडेतली मूठ एकेक बोट करून सुटली, आणि ती बोटं सुटताना तिने दुसऱ्याच कुणाची बोटं सुटताना पाहिली. आता विचारता आलं असतं. माणूस शुद्धीवर होता, वेदना उतरली होती, सून बाहेर गेली होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं.  सरांनी मान वळवली. तिच्याकडे पाहिलं. ओळख पटल्याची काही खूण चेहऱ्यावर उमटली नाही. पण त्यांनी जे विचारलं ते दुसऱ्या कुणाला विचारलं नसतं.

"कागद आला होता?"

"आणला."

"कुणी?"

"मी. दवाखान्यात जाऊन."

"ताडून पाहिलास?"

"अकरा ओळी. जुळल्या."

त्यांनी पापण्या मिटल्या. समाधान वाटलं असावं. मग पुन्हा उघडल्या, आणि कपाळावर एक बारीक आठी आली. जुनी, दुकानातली आठी.

"मग दुकानात कोण आहे?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "बंद करून आलेय."

सर छताकडे पाहत राहिले.  खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"त्या दिवशी गाडी दारातच होती माझी," सर म्हणाले. आवाज अगदी खाली होता, ती पुढे झुकली. "किल्ली खिशात होती. दुकान कुणाच्या भरवशावर सोडू, कुणाच्या भरवशावर सोडू, चार तास हाच विचार करत बसलो. तुझी वाट पाहत." त्यांनी दम घेतला. "बंद करता येतं, हे सुचलंच नाही मला."

ती ताठ बसून राहिली. अकरा वर्षं तिने एका दगडाशी भांडण मांडलं होतं. दगड नव्हताच. एक घाबरलेला माणूस होता, खिशातल्या किल्लीवर हात ठेवून बसलेला, आणि त्याला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. आणि तिकडे बाबांनी वेळ विचारायचं सोडून दिलं होतं. दगड बरा होता, तिला वाटलं. दगडावर निदान डोकं आपटता येत होतं. तिच्या तोंडाशी आलं, असू दे सर. पण असू देण्यासारखं ते नव्हतं, आणि खोटं ती या माणसाशी कधी बोलली नव्हती.  तिने त्यांचं मनगट हातात घेतलं, घड्याळाकडे पाहिलं आणि, मॉर्फिनने श्वास मंदावतो म्हणून, श्वास मोजले, पूर्ण एक मिनिट. चौदा भरले. ठीक होतं.

"पुढचा साडेपाचला," तिने दारात आलेल्या सुनेला सांगितलं, आणि कागदावर लिहूनही दिलं.

पर्समधला फोन थरथरत होता; मालकांचाच असणार. तिने मनगट सोडलं नाही. सरांना गाढ झोप लागेपर्यंत ती तिथेच बसली, आणि दुकान त्या दिवशी सव्वातीनला उघडलं.